सुरतेच्या वखारीतला पाद्री

शिवाजी महाराजांचे एक वर्णन दर वर्षी शिवजयंतीच्या सुमारास हजारो मोबाईलवर फिरते. मध्यम उंची, ताठ आणि प्रमाणबद्ध बांधा, बोलताना मुखावर हसू, चपळ व भेदक नजर, सोबतच्या लोकांपेक्षा उजळ वर्ण. खाली नाव असते एस्कॅलियट. नावापुढे कुणी ‘इंग्रज प्रवासी’ लिहितो, कुणी ‘इंग्रज अधिकारी’, तर कुणी ‘इंग्रज व्यापारी’. यांतले एकही खरे नाही. जॉन एस्कॅलियट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीचा चॅपलन, म्हणजे पगारी पाद्री होता. त्याच्या पत्रातला एक परिच्छेद मराठी मुलखात अजरामर झाला आणि तो लिहिणाऱ्याचे काम मात्र कुणाच्या लक्षात राहिले नाही. हा धागा त्या कामाविषयी आहे. ते काम समजले की तो परिच्छेदही जरा वेगळा दिसू लागतो.

प्रथम जागा पाहू. १६१३ पासून सुरतेत इंग्रजांची वखार होती. वखार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोदाम येते. पण सुरतेची वखार हे एक मोठे कुटुंबघर होते, फक्त त्यात कुटुंबे नव्हती. अध्यक्ष, त्याच्या खालोखाल परिषदेचे सभासद, मग फॅक्टर, लेखनिक आणि उमेदवार अशी उतरंड एका छपराखाली राहायची, एका मेजावर ठरलेल्या क्रमाने जेवायला बसायची. रात्री दरवाजे बंद होत. बहुतेक जण अविवाहित किंवा घरदार मागे ठेवून आलेले, त्यांतले कित्येक जेमतेम विशीतले. भोवती मोगल साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत बंदर, आणि आत मूठभर माणसांचे हे छोटेसे इंग्लंड. त्या मूठभरांच्या आत्म्यांची काळजी वाहण्यासाठी कंपनीने एक माणूस ठेवला होता. तोच चॅपलन.

त्याचा दिवस कसा जाई, हे सांगणारे दोन चांगले साक्षीदार आहेत. वखारीतला अधिकारी स्ट्रेन्शॅम मास्टर याने १६७२ च्या जानेवारीत सुरतेहून लिहिलेले एक पत्र, आणि १६९० च्या सुमारास तिथे चॅपलन म्हणून राहिलेल्या जॉन ओव्हिंग्टनचे १६९६ साली प्रसिद्ध झालेले प्रवासवर्णन. दोघांच्या लिखाणात वीसेक वर्षांचे अंतर आहे, तरी चित्र जवळपास एकच उभे राहते. पहाटे वखारीचे दरवाजे उघडण्यापूर्वी प्रार्थना. रात्री दरवाजे बंद झाल्यावर, आठच्या सुमारास, पुन्हा प्रार्थना. रविवारी उपासना आणि प्रवचन. शिवाय तरुण पोरांना धर्माची प्रश्नोत्तरे शिकवायची. म्हणजे कापसाच्या गाठी, नीळ आणि हुंड्यांचा व्यवहार या दोन प्रार्थनांच्या मधल्या वेळात बसवलेला असे. कागदोपत्री तरी तसे होते. प्रत्यक्षात पहाटेच्या प्रार्थनेला किती डोळे उघडे असत, हा प्रश्न वेगळा.

या प्रार्थना कुणाला सुचतील तशा केलेल्या नव्हत्या. त्या ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ या इंग्लंडच्या चर्चच्या ग्रंथातून वाचल्या जात. कोणत्या दिवशी कोणते स्तोत्र, बायबलचा कोणता उतारा, कोणती प्रार्थना, हे सगळे त्यात नेमून दिलेले असे. आपल्याकडे पंचांग आणि पोथी एकत्र बांधली तर जे तयार होईल, साधारण तसे. आज हे पुस्तक निरुपद्रवी वाटते, पण त्याच्यावरून इंग्लंडात रक्त सांडले होते. यादवी युद्धाच्या काळात, १६४५ मध्ये, संसदेने त्याच्यावर बंदी घातली. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला, तसे पुस्तकही परतले. त्याची सुधारलेली आवृत्ती २४ ऑगस्ट १६६२ पासून सक्तीची झाली. १६६० ते १६६२ या दोन-तीन वर्षांत सुमारे २,००० धर्मगुरूंना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. एस्कॅलियट सुरतेत काम करत होता तो हा काळ. वखारीतल्या प्रौढ माणसांनी तारुण्यात हे पुस्तक बंदीत गेलेले पाहिले होते आणि आता तेच त्यांच्यासमोर रोज वाचले जाणार होते. ‘परंपरागत उपासना’ हा शब्द आज शांत वाटतो. त्या पिढीसाठी परंपरा ही नुकतीच जिंकून परत मिळवलेली गोष्ट होती.

याच १६६२ च्या आवृत्तीत दोन गोष्टी नव्याने आल्या. समुद्रावरच्या प्रार्थना, आणि प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा विधी. दुसऱ्या गोष्टीचे कारण पुस्तकाच्या प्रस्तावनेत दिले आहे: इंग्लंडात बाप्तिस्म्यावाचून वाढलेली पिढी, आणि इंग्रज वसाहतींतले स्थानिक लोक. साम्राज्य अजून जन्माला यायचे होते, पण त्याची चाहूल पोथीत आधीच उमटली होती.

सुरतेला चर्चची इमारत नव्हती. वखारीतच एक दालन उपासनेसाठी राखलेले असे. ओव्हिंग्टनने त्याचे वर्णन करताना एक तपशील दिला आहे, तो फार बोलका आहे. दालन नीटनेटके आणि गंभीर वाटेल असे सजवले होते, परंतु त्यात कोणत्याही सजीवाची आकृती ठेवलेली नव्हती. कारण शहरातल्या मुसलमानांना त्याचा राग येऊ नये. पुढे याच कंपनीच्या नावाने भारतभर चर्चचे मनोरे उभे राहिले, म्हणून हे चित्र मुद्दाम ध्यानात ठेवावे. सतराव्या शतकातला इंग्रज हा सुरतेत भाडेकरू होता, आणि भाडेकरूने देवाची आराधनासुद्धा घरमालकाचे मन राखून करावी, एवढे व्यवहारज्ञान त्याच्यापाशी होते.

आता या पदाची अडचण पाहू. इंग्लंडमधल्या गावच्या पाद्रीला त्याचा बिशप असतो. गावातल्या जमीनदाराशी वाजले तर दाद मागायला जागा असते. सुरतेच्या चॅपलनला ती सोय नव्हती. त्याची निवड लंडनमधले व्यापारी करत, बऱ्याचदा उमेदवाराचे एक प्रवचन ऐकून. पगार तेच देत. ओव्हिंग्टनच्या काळी तो वर्षाला १०० पौंड होता. शिवाय राहणे, जेवण आणि दिमतीला एक शिपाई. जेवणाच्या मेजावर त्याचा मान तिसरा, म्हणजे अध्यक्ष आणि दुय्यम अधिकारी यांच्या लगेच नंतरचा. प्रतिष्ठा भरपूर, पण ज्याला पापाबद्दल बोल लावायचा, त्याच्याच ताटाशेजारी आपले ताट. मद्य, जुगार आणि खासगी व्यापारातली हाव ही वखारीची नेहमीची दुखणी, आणि त्या खासगी व्यापारात स्वतः उतरणारे पाद्रीही होऊन गेले. रविवारी लोभाविरुद्ध बोलणाऱ्याचा माल सोमवारी जहाजावर चढत असेल, तर ऐकणाऱ्यांनी काय समजावे?

कंपनीलाही पाद्री हवा असे, पण बेताने. १६९८ च्या सनदेने ५०० टन वा त्याहून मोठ्या प्रत्येक जहाजावर चॅपलन ठेवण्याची अट घातली. त्यानंतर कित्येक वर्षे कंपनीची भाड्याची जहाजे कागदावर ४९९ टनांची भरत असत. एक टन वाचवला की एका पाद्रीचा खर्च वाचला. इतिहासात विनोद शोधावा लागत नाही, तो हिशेबवहीत असतोच.

बिशप नसण्याचे परिणाम विधींमध्ये अधिक खोलवर होते. अँग्लिकन रीतीप्रमाणे बाप्तिस्मा झालेल्याचे पुढे बिशपच्या हस्ते दृढीकरण होते, आणि त्यानंतर तो प्रभुभोजनाला येतो. भारतात पहिला अँग्लिकन बिशप आला १८१४ मध्ये, कलकत्त्याला. म्हणजे सुरतेत वखार पडल्यापासून दोनशे वर्षे इथे दृढीकरण अशक्य होते. सुदैवाने प्रार्थनापुस्तकात पळवाट होती: जो दृढीकरणासाठी तयार आणि इच्छुक आहे, त्यालाही प्रभुभोजन देता येते. इंग्लंडातल्या खेडुतांसाठी केलेली ही तरतूद सुरतेच्या पिढ्यान् पिढ्यांच्या उपयोगी पडली असणार.

दुसरा नियम संख्येचा. ज्या वस्तीत प्रभुभोजन घेण्याजोगी वीसच्या आत माणसे आहेत, तिथेही पाद्रीबरोबर चार, निदान तीन जण तरी हवेत. नाही तर विधी करू नये. सुरतेत ही अडचण नव्हती. पण सुरतेच्या हाताखाली कारवार, कालिकत अशा लहान वखारी होत्या. ओव्हिंग्टन सांगतो की चॅपलनने किनाऱ्याने फिरून या वखारींना भेट द्यावी, प्रवचन द्यावे, बाप्तिस्मे करावेत अशी अपेक्षा असे. अशा ठिकाणी दोन इंग्रज असले आणि त्यांतला एक तापाने अंथरुणाला खिळला, तर नियम कसा पाळायचा? वर्षातून एकदा दिसणारा पाद्री, आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या. या सेवेचे खरे स्वरूप सुरतेच्या सजवलेल्या दालनापेक्षा तिथे जास्त कळते.

आणि मृत्यू. चॅपलनच्या कामात सर्वांत न चुकणारे काम अंत्यविधीचे होते. जवळच्या मुंबईविषयी तर इंग्रजांत म्हणच पडली होती की तिथे माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. बाप्तिस्मे थोडे, विवाह त्याहून थोडे, दफने मात्र सतत. ज्या मुलाला गेल्या रविवारी प्रश्नोत्तरे शिकवली, त्याच्याच कबरीपाशी उभे राहून पुढच्या आठवड्यात तीच ठरलेली वाक्ये वाचायची. ठरलेली वाक्ये असण्याचा उपयोग अशा वेळी कळतो. रोज नवे शब्द शोधावे लागले असते, तर तो माणूस केव्हाच मुका झाला असता.

या पाद्र्यांनी स्थानिकांचे धर्मांतर केले का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. सतराव्या शतकातल्या सुरतेपुरते उत्तर असे की ते त्यांचे काम नव्हते, आणि व्यापाराला धक्का लावणारा उत्साह कंपनीला नकोच होता. त्यांच्यातल्या काहींना कुतूहल मात्र होते. १६२४ च्या सुमारास आलेला चॅपलन हेन्री लॉर्ड याला अध्यक्ष टॉमस केरिजने सुचवले की या वाण्यांच्या धर्माची माहिती काढा. लॉर्डने दुभाष्यांना हाताशी धरून ती काढली. पारशांविषयी लिहिताना त्याला कंपनीच्या नोकरीत मोडके-तोडके इंग्रजी शिकलेल्या एका पारशाची मदत झाली. १६३० मध्ये त्याचे पुस्तक लंडनला छापले गेले. पारशी धर्मावरच्या सुरुवातीच्या इंग्रजी लिखाणात त्याचे स्थान वरचे आहे. त्याचा सूर दुसऱ्यांच्या श्रद्धांतल्या चुका दाखवण्याचाच आहे, हे खरे. पण तो विचारत होता, ऐकत होता, लिहून ठेवत होता. पाद्रीपाशी लेखणी होती, मोकळा वेळ होता आणि मालाच्या भावापलीकडे लिहायची मुभा होती. सुरतेबद्दलची कितीतरी माहिती म्हणूनच पाद्र्यांच्या हातून आली. ओव्हिंग्टनने तर इंग्लंडला परतल्यावर १६९९ मध्ये चहावर एक निबंध लिहिला. चहाची गोडी त्याला सुरतेतच लागली असेल, तर भारतीय वाचकाने त्याला मोठ्या मनाने माफ करावे.

आता परत एस्कॅलियटकडे, आणि जानेवारी १६६४ कडे.

इंग्रजी कागदांत महाराज सुरतेच्या वेशीवर येतात तो दिवस बुधवार, ६ जानेवारी. इंग्लंडची जुनी दिनगणना युरोपातल्या नव्या गणनेपेक्षा तेव्हा दहा दिवस मागे होती, म्हणून आजच्या हिशेबाने तो १६ जानेवारी होतो. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या की एकाला खोटे ठरवण्याआधी ही गणना तपासावी. शिवाय इंग्लंडचे सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्यांच्या लेखी ते साल अजून १६६३ च होते. आणखी एक योगायोग: चर्चच्या पंचांगात ६ जानेवारी हा एपिफनीचा सण आहे. पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष बाळ येशूच्या दर्शनाला आले, त्याची आठवण त्या दिवशी करतात. त्या वर्षी एपिफनीला सुरतेच्या दाराशी कोण आले, ते आपण जाणतोच.

सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. शहर रिकामे होऊ लागले. वखारीचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन याने पळण्याचे नाकारले. सुवाळीच्या बंदरातल्या जहाजांवरून माणसे आणवली आणि सुमारे दोनशे जणांनिशी, नगारे-कर्णे वाजवत, शहरातून संचलन केले. पुढचे चार दिवस सुरत जळत होती. वीरजी व्होराचा वाडा लुटला गेला, इंग्रजांचा शेजारी हाजी सैयद बेग याच्या घरात मराठे शिरले. कॅपुचिन पंथाच्या फादर अँब्रोजच्या मठाला मात्र महाराजांनी हात लावू दिला नाही, असे बर्निये लिहितो. रविवारी, १० तारखेला, मराठे परत फिरले.

त्यानंतर पंधरवड्याने, २६ जानेवारीला, एस्कॅलियटने इंग्लंडातल्या नॉर्विच शहरी राहणाऱ्या डॉक्टर टॉमस ब्राउनला पत्र लिहिले. ब्राउन हा साधा डॉक्टर नव्हे. ‘रिलिजिओ मेडिसी’ या १६४३ च्या ग्रंथाने त्याचे नाव युरोपभर पोहोचले होते. पत्रात हल्ल्याची हकिगत आहे, आणि त्यातच ते वर्णन. इथे थांबून वाचायला हवे. हे वर्णन ज्यांनी शिवाजीला पाहिले त्यांनी केलेले आहे, असे एस्कॅलियट स्वतःच सांगतो. म्हणजे ते पाद्रीच्या डोळ्यांचे नाही, कानांचे आहे. उंचीचे माप देताना तो आपल्यापेक्षा थोडी कमी अशी तुलना करतो, त्यामुळे तो समोर उभा होता असा भास होतो, एवढेच.

मग पाहिले कुणी? सर्वांत संभाव्य नाव अँथनी स्मिथ या इंग्रजाचे. सुवाळीहून शहरात येताना तो मराठ्यांच्या हाती लागला आणि महाराजांच्या छावणीत राहिला. इनायतखानाने तहाच्या मिषाने पाठवलेल्या तरुणाने महाराजांवर वार करण्याचा प्रयत्न केला, त्यानंतर कैद्यांचे हात तोडले जात होते. स्मिथची पाळी आली तेव्हा त्याने हिंदुस्थानीत ओरडून सांगितले की हातापेक्षा माझे डोकेच उडवा. त्याची टोपी काढली गेली, आणि महाराजांनी शिक्षा थांबवली. पुढे ३०० रुपयांवर तो सुटला. हे सारे पाद्रीच्याच पत्रात आहे. मृत्यूच्या इतक्या जवळून परतलेल्या माणसाचे बोलणे ऐकून घेणे हे चॅपलनचे रोजचेच काम. त्या बोलण्यातून त्या चेहऱ्याचे तपशील पत्रात उतरले असावेत.

आणि समाजमाध्यमांवर परिच्छेद जिथे संपतो, तिथे मूळ पत्र संपत नाही. हसऱ्या मुखाच्या आणि भेदक नजरेच्या लगेच पुढे महाराजांना संशयी, क्रूर, दगाबाज म्हणणारी विशेषणे येतात. त्यांच्या शिक्षा कठोर असल्याचे येते, आणि निश्चय तडीस नेण्यातले धाडसही येते. पहिली ओळ प्रमाण आणि दुसरी द्वेष, असे सोयीने म्हणता येणार नाही. दोन्ही एकाच लेखणीतून उतरल्या. लिहिणारा त्या घरात राहत होता ज्याच्या शेजारी चार दिवस आग होती. राजापूरच्या वखारीतले त्याचे देशबांधव, पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत केल्याबद्दल, १६६१ पासून महाराजांच्या कैदेत राहून आदल्याच वर्षी सुटले होते. त्याचा पगार ज्यांच्या मालावर येई, तो माल लुटीतून थोडक्यात वाचला होता. अशा माणसाने क्रूर म्हटले यात नवल नाही. त्याच माणसाला प्रमाणबद्ध बांधा आणि हसू लिहून ठेवावेसे वाटले, याचे मोल त्यामुळे वाढते. स्तुती तेवढी कापून घेतली, तर हे मोलही तिच्याबरोबर कापले जाते.

१६८७ मध्ये कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईला गेले आणि सुरतेचे महत्त्व ओसरू लागले. मुंबईच्या चॅपलनला पुढे स्वतंत्र चर्च मिळाले. रिचर्ड कॉबच्या खटपटीने १७१८ च्या नाताळात उघडलेले सेंट थॉमस हे ते चर्च, आणि कॉबचे गव्हर्नराशी कसे बिनसले ही गोष्ट वेगळ्या धाग्याची आहे.

सुरतेत आज पाहायला उरली आहेत ती थडगी. १४ जुलै १६६९ रोजी, ऐन पावसाळ्यात, ऑक्झेंडन वारला. दहा वर्षांपूर्वी त्याचा भाऊ ख्रिस्तोफर इथेच गेला होता. त्याच्याच शेजारी जॉर्जला ठेवले. वर उभे राहिले ते दुमजली, घुमटाचे, मोगल मकबऱ्याच्या थाटाचे स्मारक. आत लॅटिन शिलालेख आहे. प्रार्थनेच्या दालनात एक आकृतीही न ठेवणाऱ्या या लोकांनी मरणानंतर मात्र शहराच्या भाषेत मोठ्याने बोलायचे ठरवले. त्या दिवशी कबरीपाशी चॅपलनने पुस्तक उघडून जी पाने वाचली, तीच पाने तो नाव नसलेल्या खलाशासाठीही वाचत असे. प्रार्थनापुस्तकात अध्यक्षासाठी वेगळा विधी नाही.